गुऱ्हाळाच्या घरातली लेक गोड खाईना

पत्र थोडक्यात असं आहे. करवीर तालुक्यातल्या एका आईने लिहिलंय. घरचं गुऱ्हाळ, तीन पिढ्यांचं. मुलगी सतरा वर्षांची, बारावीला, रोज केएमटीच्या बसने कोल्हापुरात कॉलेजला येते. गेले चार महिने तिने गोड म्हणून जे जे आहे ते सगळं सोडलंय: साखर, गूळ, फळं, अगदी अंबाबाईचा प्रसादसुद्धा. साखरेने तोंड खराब होतं, चेहरा म्हातारा होतो, असं तिने मोबाइलवर बघितलंय. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने तिला मोठे, दुखरे फोड येतात. मान काळी पडलीय. आई दर रविवारी बेसन-लिंबू लावून वजरीने घासते, तरी जात नाही. पाळी दोन-दोन, अडीच-अडीच महिने येत नाही. मावशीने मेडिकलमधून एक मलम आणून दिलं. पंधरा दिवस चेहरा उजळला. आता एक दिवस लावलं नाही की लाल होतो, आग होते. वडिलांना तीन वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. यंदाच्या हंगामाचं पहिलं आधण उतरलं तेव्हा त्यांनी उसाच्या कांड्याला गरम गूळ लावून लेकीपुढे धरला. ती "नको" म्हणाली. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. आजी म्हणतात, रक्त बिघडलंय, अंगात उष्णता झालीय. आईचे प्रश्न तीन: साखरेने खरंच त्वचा बिघडते का? गुळानेही बिघडते का? आणि पोरीला ताळ्यावर कसं आणायचं?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं डॉक्टर म्हणून देते. पण माझी नजर अडकली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीवर, मानेच्या. तिच्याकडे येतेच. तोवर एक मात्र आजपासूनच करा: ती वजरी न्हाणीघरातून उचला आणि आपल्या टाचांसाठी ठेवा. पोरीच्या मानेला ती पुन्हा लावू नका.

आता पहिला प्रश्न. साखरेने त्वचा बिघडते का? बिघडते, पण मोबाइलवर सांगतात तशी नाही आणि तेवढ्या घाईनेही नाही.

फोडांचं बघू. आपण भराभर रक्तात उतरणारं काही खाल्लं, म्हणजे साखर, मैदा किंवा ताटभर पांढरा भात, की रक्तातली साखर चढते आणि ती खाली आणायला शरीर इन्सुलिन सोडतं. हे इन्सुलिन एकटं काम करत नाही. त्याच्यामागोमाग वाढीचे आणि पुरुषी म्हणतात ते हार्मोन जोर धरतात. बायकांच्या अंगातही ते थोडे असतातच. त्यांच्या जोरावर चेहऱ्यावरच्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रांच्या तोंडाशी पेशी चिकटून बसतात, आत तेल तुंबतं आणि फोड येतो. ऑस्ट्रेलियात 2007 साली मुरमं असलेल्या 43 तरुण मुलांवर याचा अभ्यास झाला. निम्म्यांना 12 आठवडे रक्तात हळूहळू उतरणारा आहार दिला, निम्म्यांना नेहमीचाच. पहिल्या गटात सरासरी 23 फोड कमी झाले, दुसऱ्या गटात 12. म्हणजे आहाराने फरक पडला. पण दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. काहीच न बदलणाऱ्यांचेही फोड कमी झाले. आणि पहिल्या गटातल्या मुलांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे गुण आहाराचा किती आणि उतरलेल्या वजनाचा किती, हे वेगळं करून सांगता येत नाही.

पापुआ न्यू गिनी देशात किटावा नावाचं बेट आहे. तिथल्या 1200 लोकांना डॉक्टरांनी तपासलं, तर एकाच्याही चेहऱ्यावर मुरूम सापडला नाही. त्यांच्या खाण्यात साखर, मैदा, डब्यातलं काही जवळजवळ नव्हतंच. कंद, फळं, मासे, नारळ एवढंच. 2002 साली हे छापून आलं आणि तेव्हापासून 'साखर बंद, मुरमं बंद' म्हणायला लोकांना मोठा आधार मिळाला. पण त्यात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. ती माणसं भरपूर फळं आणि गोडसर कंद खात होती. तुमच्या लेकीने तर फळंही सोडलीत.

सुक्याबरोबर ओलंही जळालं, असं झालंय तिचं. पेरू, संत्रं, पपई, डाळिंब यांत साखर आहे, पण ती चोथ्यासकट पोटात जाते आणि रक्तात सावकाश उतरते. पेरूने कुणाचा चेहरा बिघडला असं एवढ्या वर्षांत मी बघितलेलं नाही. रस काढला की गोष्ट वेगळी. रंकाळ्यावर उसाचा एक मोठा ग्लास प्यायला तर सहा-सात चमचे साखर सरळ पोटात जाते, मग त्यात आलं-लिंबू कितीही पिळा. तीनशे मिलीच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीतही तेवढीच, थोडी जास्तच.

तिला अजून एक सांगा. रविवारी पेढा खाल्ला आणि सोमवारी फोड आला, म्हणजे पेढ्यानेच आला असं नसतं. फोड वर दिसायच्या आधी कित्येक आठवडे आत तयार होत असतो. सोमवारी जो वर आला, त्याची सुरुवात महिना-दीड महिन्यापूर्वी झालेली असते. त्यामुळे रोज आरशात बघून काल खाल्लेल्याचा हिशेब लावू नये. त्यातून काही निघत नाही, जीव तेवढा टांगणीला लागतो. आणि मिसळीच्या तर्रीला, तांबड्या रश्श्याला उगाच बोल लावू नका. तिखटाने किंवा वरच्या तेलाने मुरमं येतात याला चांगला पुरावा नाही. दुधाचा मुरमांशी थोडा संबंध आढळतो, आणि व्यायामशाळेतली मुलं घेतात त्या व्हे प्रोटीनचाही, म्हणजे दुधातूनच काढलेल्या प्रथिनाचा. तुम्ही लिहिलंय की गोडाऐवजी ती 'शुगर-फ्री' बिस्किटं आणि प्रोटीन बार खाते. ते वेष्टन एकदा चष्मा लावून वाचा. साखर नसली तरी मैदा असतो, माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे रक्तात भराभर उतरणारी पिठूळ पूड असते, व्हे असतं. साखरेच्या भीतीने तिने जे जवळ केलंय, ते चेहऱ्याला साखरेइतकंच नडू शकतं.

'चेहरा म्हातारा होतो' यातही तथ्य आहे, आणि ते समजायला तुमच्या घराइतकी चांगली जागा नाही. काहिलीत रस उकळताना रंग कसा बदलतो ते तुम्ही लग्न होऊन आल्यापासून बघताय. आधी मातकट हिरवट, भेंडीचं पाणी घालून मळी काढली की स्वच्छ, मग पिवळा, मग तांबूस, आणि गुळव्याची नजर क्षणभर चुकली तर काळपट. रसात साखर असते, थोडे प्रथिनांचे अंशही असतात. उष्णतेने ते एकमेकांना चिकटतात आणि रंग गडद होत जातो. भाकरीला पडणारे तांबूस डाग बऱ्याच अंशी याच जातीचे. लुई कामील मायार नावाच्या फ्रेंच माणसाने 1912 साली ही क्रिया मांडली. आपल्या अंगात चुलवाण नाही, पण तिच्याच नात्यातली क्रिया अंगाच्या उष्णतेवर, अतिशय सावकाश, चालू असते. रक्तातली साखर प्रथिनांना चिकटते. त्वचेला ताण देणारं कोलॅजन हे प्रथिनच. साखर चिकटली की त्याचे धागे एकमेकांत अडकतात, ताठर होतात, त्वचेची लवचिकता कमी होते.

तुमचे मालक दर तीन महिन्यांनी एचबीए1सी म्हणून जी तपासणी करतात, ती हीच मोजणी आहे: रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. कोलॅजन मात्र महिन्यांवर नाही, वर्षांवर टिकतं. म्हणूनच 'चौदा दिवस साखर सोडा, दहा वर्षांनी तरुण दिसा' हे होणारच नाही. चौदा दिवसांत कोलॅजन बदलत नाही. व्हिडिओत दिसतो तो फरक बहुतेक वेळा उजेडाचा, कॅमेऱ्याचा असतो. शिवाय सतराव्या वर्षी सुरकुत्यांची काळजी तिने कशाला करावी? त्वचा म्हातारी करण्यात उन्हाचा वाटा सगळ्यांत मोठा, आणि तंबाखूचा त्याच्या मागोमाग. बस स्टॉपवर दुपारी दोनला उभी राहणाऱ्या मुलीने छत्री आणि एसपीएफ 30चं सनस्क्रीन वापरलं तर चेहऱ्याचं जेवढं भलं होईल, तेवढं अंबाबाईचा प्रसाद सोडून होणार नाही.

दुसरा प्रश्न गुळाचा. इथे मला तुमच्या मनाविरुद्ध बोलावं लागणार. तुम्ही लिहिलंय, "गूळ म्हणजे काही साखर नाही, तो औषधी असतो, हे तिला तुम्ही तरी समजावून सांगा." ताई, तसं मी सांगू शकत नाही. गुळात थोडं लोह आहे, इतर खनिजं आहेत, चव तर आहेच. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, शाहूपुरीची पेठ शाहू महाराजांच्या काळी या व्यापारासाठी वसली, आणि या जिल्ह्यातली हजारो घरं त्यावर उभी राहिली. त्याचा मान मी मनापासून ठेवते. पण त्यात बहुतांश साखरच आहे आणि शरीर ती साखर म्हणूनच घेतं. इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडाला गुळाच्या ढेपेवरचा शिक्का दिसत नाही. साखरेचा चहा बंद करून तेवढ्याच गोडीचा गुळाचा चहा घेतला तर त्वचेला फरक पडत नाही, आणि तुमच्या मालकांच्या शुगरलाही पडत नाही. त्यांच्या चहाचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मीच विचारते: ते गुळाचा चहा 'चालतो' म्हणून घेतात का? घेत असतील तर त्यांच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला.

म्हणजे गूळ वाईट का? नाही. मुद्दा मापाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी साखरेतून यावेत, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिलं तर आणखी बरं. मोठ्या माणसाचं जेवण दोन हजार कॅलरींचं धरलं तर दहा टक्के म्हणजे 50 ग्रॅम, पाच टक्के म्हणजे 25 ग्रॅम, पाच-सहा चमचे. या मापात वरून घातलेली साखर, गूळ, काकवी, मध, फळांचे रस सगळं आलं. अख्खं फळ आणि साधं दूध नाही. आता घरातला हिशेब मांडा. चार कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे चहातच गेले. सोबत बिस्किटं, संध्याकाळी खारी. आपल्या घरातली साखर सणाच्या पुरणपोळीत नसते हो, ती रोजच्या किटलीत असते. वर्षातून एकदा, पहिल्या आधणाला, उसाच्या कांड्याला लागलेला घोटभर गूळ पोरीच्या चेहऱ्याला काहीही करणार नाही. पण ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे आपल्याच वाडवडिलांनी सांगितलंय, आणि ते ऊस पिकवणारेच होते.

आता मान.

माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक आई लेकीला घेऊन आली होती. पोरीने ओढणी काढायला पाच मिनिटं लावली. मानेच्या मागे काळसर, मखमलीसारखी जाड त्वचा, आणि तिच्यावर वजरीने पडलेल्या बारीक बारीक खपल्या, काही ओल्या. आई म्हणाली, "मळ इतका बसलाय बघा, किती घासलं तरी जात नाही." पोरगी जमिनीकडे बघत होती. मी तिच्या मानेवरून हात फिरवला आणि म्हटलं, "हा मळ नाही. हिने आंघोळ नीटच केलीय." पोरगी रडायलाच लागली. कितीतरी दिवस ती घरात 'अस्वच्छ' ठरलेली होती.

तुमच्या लेकीची मान मी बघितलेली नाही, म्हणून खात्रीने सांगत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते बहुतेक तेच आहे. डॉक्टरी भाषेत त्याला अॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. अंगातलं इन्सुलिन प्रमाणाबाहेर वाढलं की ते त्वचेच्या पेशींना भराभर वाढायला लावतं. मग मान, काखा, जांघा, कधी बोटांच्या पेरांवर त्वचा जाड आणि गडद होते. तिथे बारीक मांसाचे लोंबते तुकडेही येतात, लोक त्यांनाही चामखीळच म्हणतात. हा काळेपणा आतून आलेला असतो. वजरीने घासणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उलट घासल्याने त्वचा आणखी काळी पडते, लिंबाने चुरचुरते, उन्हात डागाळते.

इन्सुलिन का वाढतं? शरीर त्याला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड आणखी जास्त सोडतं. त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. तो अंगात मुरलेला असतानाही रक्तातली साखर कित्येक वर्षं अगदी नॉर्मल येऊ शकते. मधुमेहाच्या फार आधी मान ते सांगत असते. वडिलांना मधुमेह आहे, म्हणजे घराण्यात कल आहे. त्यात जबड्याच्या कडेचे फोड आणि लांबणारी पाळी. मान, फोड आणि पाळी या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टरांच्या मनात पीसीओएसचा, म्हणजे हार्मोनच्या गडबडीने बीजांडकोशाचं काम बिघडण्याचा, विचार येतो. आपल्याकडे पीसीओडी म्हणतात तेच. हनुवटीवर, ओठावर राठ केस येतात का, तेही बघा. तिला विचाराल तेव्हा एकटीला, आजीसमोर नको.

इथे मला एक शंका आहे आणि ती तुम्हालाच सोडवायला लागेल. पाळी आधी लांबली की खाणं आधी तुटलं? चार महिन्यांत तिचं वजन किती उतरलं? जेवण टाळते का, चक्कर येते का, केस गळतात का, कुणासमोर जेवायला नको म्हणते का? खूप कमी खाल्ल्यानेही पाळी थांबते. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत आणि उपायही वेगळे. पहिल्या वाटेला खाणं सावरायचं असतं, दुसऱ्या वाटेला खाणं वाढवायचं असतं. तारखा आठवून एका कागदावर लिहा. पहिली पाळी कितव्या वर्षी आली तेही लिहा. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पाळी मागेपुढे होणं नेहमीचंच असतं, त्यानंतरही अडीच महिने लांबत असेल तर दाखवायलाच हवं.

दाखवायचं कुठे? जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे, किंवा खर्चाचा प्रश्न असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात. त्वचा आणि स्त्रीरोग दोन्ही विभाग तिथे आहेत. वजन, उंची, कंबर, रक्तदाब बघतील. उपाशीपोटी साखर, एचबीए1सी, थायरॉइड, गरज वाटली तर हार्मोन. एचबीए1सी 5.7च्या खाली असेल तर ठीक, 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर, 6.5 किंवा वर म्हणजे मधुमेहाकडे बोट. सोनोग्राफीत 'गाठी' दिसल्या म्हणून घाबरू नका. त्या खरं तर गाठी नसतात, स्त्रीबीजाच्या न पिकलेल्या पिशव्या असतात आणि तिच्या वयात निरोगी मुलींतही भरपूर दिसतात. या वयात नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएसचा शिक्का मारत नाहीत. कुणी मारला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि 'लग्नाला अडचण येईल' म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नका. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, पण बाकीच्या आयांकडून मी हे फार ऐकलंय, म्हणून त्यांच्यासाठीही सांगते.

मलमाबद्दल. लावलं की उजळतं, सोडलं की पेटतं, हे वर्णन स्टिरॉइडचं आहे. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एखादं नाव आहे का बघा. ही औषधं वाईट नाहीत, इसबासारख्या आजारात मी स्वतः देते. पण रोज चेहऱ्यावर लावली की त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, लव वाढते, फोड उसळतात. चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत म्हणून सरकारने 2018 मध्ये नियमही कडक केले, तरी काउंटरवर मिळतात. एकदम बंद केलं तर चेहरा भडकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सांगण्याप्रमाणेच सोडवा. आणि मावशींना रागावू नका, त्यांनी मायेनेच आणलं.

तुम्हाला गुळाचं एक सांगू? पेठेत पिवळाधमक गूळ चढ्या भावाने जातो, म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रोस पावडर टाकतात. रंग उजळतो, गूळ मात्र त्याने सुधारत नाही. काळसर, बिनरसायनाचा गूळ तुम्ही घरी खायला ठेवत असाल, कारण तो चांगला असतो हे तुम्हाला माहीत आहे. पोरीच्या रंगाचंही तेवढंच समजा आणि घरात 'उजळ' हा शब्दच थोडे दिवस बंद ठेवा. आपल्याला फोड आणि आग घालवायची आहे, रंग बदलायचा नाही.

खाण्याचं तिच्या एकटीसाठी काही वेगळं करू नका, सगळ्या घरासाठी करा. तिच्यासाठी पथ्य म्हणून ताट वेगळं केलंत की ती आजारी ठरते. चहातली साखर दर आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी केली तर महिन्याभरात जिभेला कळतही नाही. मालकांचं आपोआप होईल. ज्वारीची भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, पालेभाजी, कांदा हे जेवण इन्सुलिनला जपणारंच आहे. आपण ते सोडून ब्रेड-बटरकडे गेलो. भात ठेवा, पण ताटातला मोठा वाटा उसळीला आणि भाजीला द्या. गोड खायचं तर जेवणाच्या शेवटी, थोडं. रिकाम्या पोटी चहा-बिस्किटं नकोत. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालणं हे मी औषधाइतकंच मानते, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनवर फार विसंबून न राहता उचलतात. वजन जास्त असेल तर पाच-सात टक्के उतरलं तरी मान निवळायला लागते आणि पाळीही बहुधा सुधारते. याला महिने लागतात. मेटफॉर्मिनसारखी गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. मालकांच्या डब्यातली देऊ नका.

चेहऱ्याला दोन वेळा साधा फेसवॉश पुरे. फोडांना लावायची जेलं डॉक्टर देतील, बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अॅडापॅलीन. सुरुवातीला त्वचा कोरडी होते, म्हणून रात्री थोडंसंच लावायचं. आठ ते बारा आठवडे धीर धरायचा. दहाव्या दिवशी 'काहीच फरक नाही' म्हणून औषध बदलणं, हे मी रोज बघते आणि रोज वाईट वाटतं. आजींच्या उष्णतेबद्दल त्यांच्याशी वाद घालू नका. सब्जा पाजायचा असेल तर पाजू द्या, साखर न घालता.

राहिला तिसरा प्रश्न, ताळ्यावर आणायचा. ती ताळ्यावर नाही असं मला वाटत नाही. अर्ध्या गोष्टीत ती बरोबर आहे. तुम्ही धरून चाललात की ती हे दिसण्यासाठी करते. असेलही, या वयात दिसण्याचं दुःख छोटं नसतं. पण तिच्या डोळ्यांदेखत वडिलांना शुगर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, घरात रोज 'शुगर' हा शब्द येतो. ती घाबरली असेल का, हे कुणी विचारलंय? विचारा. "का सोडलंस?" असं नको, त्यात जाब येतो. भाकऱ्या थापताना शेजारी बसवा आणि म्हणा, "मान मी उगाच घासत होते, तुला दुखत असणार. मला माहीत नव्हतं." एवढं म्हणून थांबा. बाकीचं तीच बोलेल, कदाचित त्या दिवशी नाही, पण बोलेल.

मालकांना माझ्याकडून सांगा की लेकीने गूळ नाकारला, त्यांना नाही. पुढच्या आधणाला तिला खायला बोलवू नका, काहिलीजवळ उभं राहायला बोलवा. गुळव्या चाचणी घेतो तेव्हा पाण्यात टाकलेली गोळी कशी बघतात ते तिला शिकवा. बारावीच्या रसायनशास्त्राच्या मुलीला त्यात गोडी वाटेल. तिने बोटभर चाखला तर चाखला, नाही तर नाही.

डॉक्टरांकडे जाताना तो तारखांचा कागद आणि मलमाची ट्यूब सोबत घ्या, रिकामी झाली असली तरी. सकाळी उपाशीपोटी न्या, म्हणजे रक्त त्याच दिवशी देता येईल. आणि पिशवीत भाकरीचा डबा आणि एक पेरू ठेवा, रक्त देऊन झाल्यावर तिला भूक लागेल.